आत्या, वय झालं असं म्हणू नकोस

प्रिय आत्या,

शेजारच्या काकू न्हाणीत घसरल्या आणि खुबा मोडला, हे तू परवा फोनवर सांगितलंस आणि लगेच म्हणालीस, “वयच झालं होतं न त्यायचं.” तेवढ्या एका वाक्यासाठी हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्र मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतेस.

वयाचा वाटा आहेच. पाळी गेली की बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन घटतं आणि हाड जितकं झिजतं तितकं भरून येत नाही. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात २००९ साली पन्नाशीपुढच्या माणसांमधले खुब्याचे फ्रॅक्चर मोजले गेले. लाखामागे पुरुषांत १०५ आणि बायांत १५९ निघाले. पण एकाच वयाच्या दोघी पडतात, त्यातली एक कपडे झटकून उठते आणि दुसरी उठतच नाही, असं का होतं? नागपूरला हाडांच्या वॉर्डात बायांना पुन्हा पायांवर उभं करायचं काम मी करते. वय विचारून झालं की मी त्यांना आणखी विचारते. जेवायला कधी बसता? घरात दूध कोण पितं? गर्भपिशवी कधी काढली? सोबत कोण राहतं? उत्तरं बहुतेक वेळा एकसारखी येतात.

तुझंच बघ. घरी म्हशी होत्या. दूध चहाच्या हॉटेलात जायचं, उरलेलं बाबांना आणि काकांना. ते शाळेत गेले, तू निंदणाला. हे बाबा स्वतः सांगतात. हाडांची ठेव तिशीपर्यंतच जमा होते, पुढे आयुष्यभर त्यातूनच खर्च चालतो. तुझ्या नावावर ती ठेव पडली तेव्हाच कमी पडली. लोक म्हणतात, शेतात राबलेल्या बाईची हाडं पक्की असतात. अर्धं खरं आहे. कष्टाने हाड घट्ट होतं, उन्हाने ड जीवनसत्त्व मिळतं. पण ओटीत कापूस वेचून संध्याकाळी घरी आलेल्या बाईच्या ताटात सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेली भाकर आणि पातळ वरण असेल, तर ते हाड बांधायचं कशाने? त्यावर बाळंतपणं, अंगावर पाजणं, आणि रक्त कमी असल्याने येणारी चक्कर.

पिशवीबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण त्याचा हाडांशी संबंध आहे हे बायांना कुणी सांगतच नाही. पस्तिशीत पिशवी काढली आणि तिच्याबरोबर अंडाशयंही गेली, तर हाडांची झीज त्या दिवसापासून सुरू होते, म्हणजे दहा-पंधरा वर्षं आधी. बीडच्या ऊसतोड बायांचा हा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. खाडा झाला की मजुरी कापली जाते, म्हणून पाळीच नको, असा त्यामागचा हिशेब होता. त्यांच्या खुब्यांचं काय होईल ते आणखी वीस वर्षांनी दिसेल. आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. त्याने हाड वरून जाड दिसतं, पण ठिसूळ होतं. नळाचं पाणी न पोचलेल्या घरातली बाई तेच पाणी पिते.

मग पडणं. मोतीबिंदू पिकलेला, पण “कापूस निघू दे, मग बघू.” न्हाणी परसात, शेवाळलेली फरशी, बल्ब गेलेला. रात्री उठवायला दुसरं माणूस नाही. चिंतामणीच्या देवळाच्या पायऱ्या तू भिंत धरून उतरतेस. तिथे निदान भिंत आहे आणि लोक आहेत.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो पडल्यानंतरच्या दिवसांनी. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हायला हवं. रॉड टाकायचा किंवा गोळा बदलायचा आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करायचं. आमच्याकडे बाया आठ-आठ दिवसांनी येतात. आधी हाडवैद्याचा लेप, मग पैशांची जुळवाजुळव, मग घरात चर्चा, “आता या वयात बुढीले चिरफाड कायले?” तोवर पाठीला जखमा झालेल्या असतात, छातीत कफ भरलेला असतो. जगभरात खुबा मोडलेल्या म्हाताऱ्यांपैकी पाचातलं एक माणूस तरी वर्षभरात जातं. म्हाताऱ्या बापासाठी वावर गहाण पडलेलं मी पाहिलं आहे, म्हाताऱ्या आईसाठी क्वचित. तिच्या नावावर वावर नसतंच. बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवायला शेतकरी नेते शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने सांगितलं, १९९२ मध्ये सरकारचा तसा निर्णयही निघाला. आपल्या घरात कुणी ते केलं नाही. आतोबांनंतर सगळं पोरांच्या नावावर गेलं आणि तू सही करून मोकळी झालीस.

सरकारचाही हिशेब बघ. लाडकी बहीण योजना पासष्टीला संपते. पुढे श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये, तेही वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर, म्हणजे महिन्याला १७५०. तुझ्या वयाच्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. अर्धा लिटर दूध घेतलं तर निम्म्याच्या आसपास भागतं. लिटरला साठ रुपये धरले तरी महिन्याचे नऊशे होतात. पंधराशेतले नऊशे स्वतःच्या दुधावर खर्च करणारी बाई मला अजून भेटलेली नाही.

आत्या, तू ती पहिली हो. तीळ आणि जवस तुझ्या घरात आहेतच. त्यांची चटणी पाहुण्यांसाठी ठेवू नकोस, रोज खा. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. योजनेतल्या दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन त्यात होतं. कार्ड आपण पडायच्या आधीच काढून ठेवायचं असतं. सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट होतं आणि यवतमाळ लांब नाही, एसटीत तुला अर्धंच तिकीट आहे. बीपीच्या गोळीने उठताना गरगरत असेल तर डॉक्टरांना सांग, गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस. दादाला मी वेगळं लिहिते आहे. न्हाणीत धरायला लोखंडी दांडी आणि परसात दिवा, एवढं त्याने करायचं आहे. काकूंकडेही जा. ऑपरेशन झालं असेल तर त्यांना नुसतं झोपवून ठेवू नका, आज खुर्चीत बसवा, रोज थोडं उभं करा, असं त्यांच्या सुनेला माझं नाव घेऊन सांग.

येत्या रविवारी मी कळंबला येते. आधार कार्ड आणि ते लिंक असलेला मोबाइल काढून ठेव, सोमवारी आपण आधी कार्डाचं काम करू आणि तिथूनच डोळ्यांच्या तपासणीला जाऊ. कापसाचं कारण सांगू नकोस.

तुझी भाची