उंचीची खूण

कोपरगावाहून शिर्डी सुमारे १५ किलोमीटर. तेथे 'वेट एन जॉय' हे जलोद्यान झाल्यापासून सुट्टी लागली की गोदाकाठच्या या गावी घरोघर एकच वाद रंगतो. थोरल्याला न्यायचे, पण धाकटीचे काय? "अजून लहान आहे ती," असे आजी म्हणते, आणि धाकटी टाचा उंचावून उभी राहते.

अशा उद्यानांत धाडसाच्या खेळापाशी वय विचारण्याऐवजी बहुधा उंची पाहतात. २०१३ साली उघडलेल्या खोपोलीच्या इमॅजिकातही हीच रीत. ती योग्यच आहे. कारण वेगवान पाळण्याचा अडसर अंगाला नीट टेकला, तरच तो मुलाला धरून ठेवतो. टाचा उंचावून खूण गाठायला शिकविणारे पालकही आढळतात. त्यांच्या हौसेला काय म्हणावे!

परंतु खुणेला मुलाचे मन कळत नाही. गर्दीत चुकामूक झाल्यास जागीच थांबणे, आईचा दूरध्वनी क्रमांक सांगणे, आणि मागे रांग खोळंबली असता, भाऊ 'भित्री' म्हणत असताही, "मला भीती वाटते, मी खाली उतरते," असे स्पष्ट बोलणे धाकटीला साधते काय? साधत असेल, तर तिला खुशाल न्यावे. उथळ कुंडात तिचा दिवस मजेत जाईल. मात्र तिला थोरल्यावर सोपवून वडीलधाऱ्यांनी सावलीत बसू नये. त्याचे सारे लक्ष घसरगुंडीकडे असणार.