मुलीला स्पर्धेला जाऊ द्या

वक्तृत्वाच्या, निबंधाच्या, रांगोळीच्या स्पर्धा आपल्या घरोघरी परिचयाच्या आहेत. मुलाने ढाल आणली की आपण ती कपाटावर मांडतो, आल्यागेल्याला दाखवतो. परंतु संगणकाचे सॉफ्टवेअर तयार करण्याच्याही स्पर्धा असतात, याची आम्हा नरडाण्याच्या पालकांना फारशी माहिती नव्हती. आमची पुतणी जिल्ह्यातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. हॅकेथॉनला जायचे आहे, रात्री मुक्काम तिथेच, असे तिने सांगितले तेव्हा घरातून पहिला सवाल आला, "पोर तठे जाईसन काय करी?" या सवालाचे उत्तर शोधताना आम्हास जे समजले, ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

हॅक म्हटले की बँकेतून पैसे चोरणारे आपल्या डोळ्यांपुढे येतात. येथे तो अर्थ नाही. प्रोग्रामची झपाट्याने केलेली जुळवाजुळव म्हणजे हॅक, आणि मॅरेथॉनमधला थॉन त्याला जोडलेला. 1999 साली कॅनडातील कॅलगरी येथे ओपनबीएसडी या प्रणालीवर काम करणारी मंडळी एकत्र बसली, त्या बैठकीपासून हा शब्द रूढ झाला. आपल्या देशात केंद्र शासनाने 2017 साली स्मार्ट इंडिया हॅकेथॉन सुरू केली. शासनाची खाती आपापल्या अडचणी प्रश्नरूपाने मांडतात आणि विद्यार्थी त्यावर सॉफ्टवेअर करून दाखवतात. सहा जणांचा संघ, त्यात किमान एक मुलगी हवीच, असा नियम आहे. आधी कॉलेजातच निवड होते, आणि अंतिम फेरीत 36 तास सलग काम चालते.

दुसरा प्रकार निव्वळ प्रोग्रामिंगचा. आयसीपीसी ही विद्यापीठांची जागतिक स्पर्धा 1970 साली अमेरिकेत सुरू झाली. तीन जणांचा संघ, एकच संगणक आणि पाच तास. उत्तर बरोबर की चूक हे यंत्रच तपासते. चुकीचे उत्तर पाठवले आणि तो प्रश्न पुढे सुटला, तर मागच्या प्रत्येक चुकीमागे 20 मिनिटांचा दंड. 2009 साली सुरू झालेल्या कोडशेफवर तर घरबसल्या सराव करता येतो. तपासणारे यंत्र आडनाव विचारत नाही, गाव विचारत नाही, इंग्रजी कसे बोलता हेही विचारत नाही. ज्यांनी आयुष्यभर आडनावानंतरचा तो क्षणभराचा थांबा अनुभवला आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको. हॅकेथॉनचे परीक्षक मात्र माणसेच असतात. तेथे बोलावेही लागते, समजावूनही सांगावे लागते. म्हणून दोन्ही प्रकारांची सवय हवी.

आमच्या पुतणीला संघात घेतले ते 'एक मुलगी' ही अट भरण्यासाठी. तिच्या वाट्याला फक्त सादरीकरणाची चित्रे करण्याचे काम आले होते. तिने ते केले, पण माहिती साठवण्याचा भागही मागून घेतला. विषय होता रेशन दुकानातील धान्याच्या आवक-जावकीची नोंद. मध्यरात्रीनंतर बेरीज जुळेना. शिल्लक धान्य प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू लागले. मुलांनी बेरजेचा भाग तीनदा तपासला. तिने मात्र नोंदी एकेक करून पाहिल्या, तेव्हा कळले की नेट तुटले की फोन तीच नोंद पुन्हा पाठवतो, आणि ती दोनदा धरली जाते. मग प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक दिला. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर घ्यायचा नाही.

हे ऐकताना आमच्यासारख्या कारकुनाला गंमत वाटली. बी.कॉम.ला असताना तेरीज जुळली नाही तर दोन रुपयांच्या फरकासाठी आम्ही रात्र जागवीत असू. पावतीपुस्तकावर क्रमांक छापलेला असतो तो याचसाठी. पुस्तकात वाचलेली गोष्ट आणि रात्री दोन वाजता स्वतः शोधून काढलेली गोष्ट, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्यांचा संघ हरला. खरे सांगायचे तर बहुतेक संघ हरतातच. बक्षीस लाखाचे असले तरी सहा जणांत वाटून वाट्याला साडेसोळा हजारांच्या आसपास येतात. तेव्हा बक्षिसाच्या आशेने मुलांना पाठवू नये. लाभ वेगळाच आहे. काम वाटून घेणे, दुसऱ्याने लिहिलेले वाचणे, ठरल्या वेळी जे तयार असेल ते चालवून दाखवणे, या गोष्टी परीक्षेच्या पेपरात येत नाहीत, आणि नोकरीत पहिल्या दिवसापासून लागतात. पुण्याच्या कंपनीत ज्यांचा मामा नाही, काका नाही, त्यांच्याजवळ मुलाखतीत दाखवायला काय असते? नुसती गुणपत्रिका. पुतणीला एका मुलाखतीत त्या दुहेरी नोंदीबद्दलच विचारले, आणि तिने ते सविस्तर सांगितले. निवड झाली की नाही हे अजून कळायचे आहे. पण ती खाली मान घालून परत आली नाही, हे आम्ही पाहिले.

पालकांनी काही काळजी जरूर घ्यावी. नुसत्या प्रमाणपत्रासाठी भरमसाट फी मागणाऱ्या स्पर्धांपासून दूर राहावे. प्रवासखर्च कोण देणार, मुलींच्या मुक्कामाची सोय काय, सोबत कोण शिक्षक आहेत, हे आधी कॉलेजात जाऊन विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. परीक्षेच्या तोंडावर स्पर्धा नको. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता प्रोग्राम लिहून देते. ती वापरण्यास परवानगी आहे की नाही हे नियमात वाचावे, आणि जे समजले नाही ते आपले म्हणून मांडू नये.

आणि मुलींनो, संघात नाव घातले एवढ्यावर समाधान मानू नका. आपले काम कोणते, हे पहिल्याच बैठकीत विचारून घ्या. नियमाने दार उघडले आहे. आत जाऊन कुठे बसायचे ते तुम्ही ठरवा. भाड्याच्या पैशांची आणि घरच्यांच्या समजुतीची जबाबदारी आम्हा वडीलधाऱ्यांची.