तरवडाची फुलं

परवा चपलांच्या दुकानात नव्या चामड्याचा वास नाकात शिरला आणि मी थेट जळकोटच्या माळावर. चप्पल कोल्हापुरी, म्हणजे कातडं बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं. आमच्याकडं त्या कामाला तरवड.

घट बसायच्या दिवशी आजी पहाटेच पिटाळायची. पहिल्या माळेला तरवडच पाहिजे. माळावर एक म्हातारबा विळ्यानं तरवडाची साल काढत बसलेले असायचे, बोटं नखांपर्यंत तांबूस-काळी झालेली. एकदा त्यांनीच फांद्यांवरची फुलं खुडून माझी ओंजळ भरली. घरी आजीनं विचारलं, कुणी दिली? मी सांगितलं. कातडं कमावणाऱ्याच्या हातची फुलं उकिरड्यावर गेली, आणि मी पुन्हा माळावर. त्याच झुडपापाशी.

लिनियसनं १७५३ मध्ये याला कॅसिया ऑरिक्युलाटा म्हटलं. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन रुंद उपपर्णं असतात, त्यावरून. पुढं रॉक्सबर्गनं त्याला सेन्ना वंशात घातलं. तो १८१५ मध्येच वारला; हे नाव छापून आलं १८३२ च्या ‘फ्लोरा इंडिका’त, विल्यम कॅरीनं सेरामपूरला काढलेल्या. मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये छापणारा तो हाच कॅरी. तरीही पुस्तकांतून कॅसियाच चालू राहिलं. अखेर १९८२ मध्ये आयर्विन आणि बार्नबी यांनी या मोठ्या खटल्याची रीतसर वाटणी केली. बहाव्याचे तीन लांब पुंकेसर दुहेरी वळण घेतात, म्हणून तो कॅसियातच राहिला. तरवडाचे तसे नाहीत, तो सेन्नात.

नावं बदलली की लोक कुरकुरतात. मला मात्र ही वाटणी पटते. त्यांनी निदान फूल उघडून पाहिलं. आजीनं फक्त हात पाहिला. तिच्या मायेवर मी वाढलो, पण त्या ओंजळीचा राग अजून जात नाही. म्हातारबांना मी काहीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा फुलं पुढं केली, आणि मी घेतली. घरी म्हणालो, मीच तोडली. घटावर ती नऊ दिवस राहिली.

जळकोटवरून जाणारा सोलापूरचा रस्ता पुढं हैदराबादला पोचतो. तिकडं हाच तरवड ‘तंगेडू’, तेलंगणाचं राज्यफूल. तिकडचा बतुकम्माचा सण आपल्या घटाच्या आदल्या दिवशी, अमावस्येलाच सुरू होतो. बायका तंगेडूची फुलं थरावर थर रचतात. तिथं ती कुणी खुडून आणायची, याचा काही नियम आहे का, हे तिकडच्या एखाद्या आजीला विचारायचंय.