खुणा

माझ्या धाकट्या भावाचा मोबाईल आमच्या घरी क्रूसाखालच्या फळीवर ठेवलेला आहे. दर रविवारी मिस्साला निघण्यापूर्वी त्याची पत्नी तो विजेला लावते आणि आल्यावर काढून पुन्हा जागेवर ठेवते. भाऊ २०२२ च्या जुलै महिन्यात हृदयविकाराने गेला. मोबाईलचा परवलीचा आकडा त्याच्यावाचून कुणाला ठाऊक नव्हता. दुकानदाराने सांगितले, कुलूप तोडता येईल, पण आतले सारे पुसले जाईल. आम्हांला आतलेच तर हवे होते. त्यात आमच्या चार कवींच्या जागा होत्या.

वाचकांपैकी अनेकांचा समुद्राशी संबंध मासळीबाजारापुरताच असेल, म्हणून थोडे सांगायला हवे. आम्ही उत्तनचे. आमच्याकडची मुख्य मासेमारी डोल जाळ्याची. डोल म्हणजे भल्यामोठ्या पिशवीसारखे जाळे. समुद्राच्या तळात खुंट ठोकून त्यांच्या आधाराने ते प्रवाहात तोंड करून उभे करतात. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आपणहून आत शिरतात. पाणी थबकले की जाळे उचलायचे. उधाणाच्या दिवसांत ओढ जोराची, भांगात मंद. त्यामुळे आमचे पंचांग चंद्राचे. जाळे उभे करण्याच्या या जागेला कव म्हणतात. कव पिढीजात असते. तिचा सातबारा नसतो, तरी शेताच्या बांधावरून व्हावीत तशी कवीवरून भांडणे होतात. उत्तन-वसईकडचे आणि पालघर-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यात हा वाद कितीतरी वर्षे चालू आहे.

पावसाळ्यातील बंदीत वरची तरंडी काढून घेतात. मग ऑगस्टमध्ये उघड्या समुद्रावर आपली कव शोधायची कशी? बाबा ती खुणांनी शोधत. देवळाचा मनोरा तुंगारच्या उतरत्या खांद्याखाली आला की एक रेघ झाली. उत्तरेकडचे दोन डोंगर एकमेकांना चिकटले की दुसरी. दोन्ही रेघा जिथे मिळतील तिथे कव. डोंगर धूसर झाले तर दोरीला शिशाचा गोळा बांधून खोली मोजायची आणि गोळ्याला चिकटलेला चिखल बोटांत चोळून पाहायचा. हे सगळे त्यांनी धाकट्याला बोटीवर शिकवले. मला बोट लागत असे, म्हणून मी शाळेत गेलो आणि पुढे शाळेतच राहिलो. छत्तीस वर्षे मुलांना नकाशावाचन शिकवले, पण बाबांच्या खुणा कागदावर उतरवून घ्याव्यात असे माझ्या मनात एकदाही आले नाही.

भाऊ तांडेल झाला तेव्हा बोटीवर जीपीएसचे यंत्र आले. खाऱ्या हवेने ते दोनदा बिघडले, तेव्हा त्याने सगळ्या जागा मोबाईलमध्ये नोंदवल्या. रेंज नसली तरी जीपीएस चालते, हे त्याने मला पहिल्यांदा समजावून सांगितले. जागा सांगणारे उपग्रह वेगळे आणि बोलणे पोहोचवणारे मनोरे वेगळे. माझ्यासारख्या शिक्षकाला ते ठाऊक नव्हते, याचे त्याला फार हसू आले होते.

त्याचा मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, गळ्यात लोंबणारा असे. संध्याकाळी तो विंडी उघडून वाऱ्याचे रंग पाही. निळा-हिरवा असला तर निघायचे, जांभळा दिसला की खलाशांना सुट्टी. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांनी टिपलेल्या पाण्याच्या तापमानावरून आणि हरितद्रव्यावरून संभाव्य मत्स्यक्षेत्रे कळवते. त्याचा उपयोग माशांच्या मागे धावणाऱ्यांना. आमची कव एका जागी उभी, माशानेच तिच्याकडे यायचे. म्हणून भाऊ तो सल्ला नुसता वाचून बाजूला ठेवी. हवामानाचा खरा फायदा मला विचाराल तर वहिनीला झाला. वलांडीवर बोंबील सुकत असताना अवकाळी पावसाची सर आली तर आठवड्याचे कष्ट कुजतात. इशारा आधी मिळाल्यामुळे तिने कितीतरी वेळा माल घरात घेतला. मासेमारीतील तंत्रज्ञानाची चर्चा बहुधा बोटीवर सुरू होऊन बोटीवरच संपते. किनाऱ्यावर बसलेली बाई तिच्यात क्वचितच असते.

बाजारभावाचेही तसेच काहीसे. रॉबर्ट जेन्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा केरळातील तारली पकडणाऱ्यांविषयीचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. १४ जानेवारी १९९७ च्या सकाळी वडकरा किनाऱ्यावर ११ मच्छीमारांना गिऱ्हाईक मिळाले नाही आणि त्यांची मासळी वाया गेली. त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आत २७ गिऱ्हाइके मासळीवाचून परतायच्या बेतात होती. त्या वर्षापासून तेथील किनाऱ्यावर मोबाईल येत गेले. बोटीतूनच भाव विचारता येऊ लागला, नासाडी थांबली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली. मी हे कौतुकाने भावाला वाचून दाखवले. तो म्हणाला, “दादा, भाव मलाही कळतो. पण डिझेलला आणि बर्फाला ज्याची आगाऊ रक्कम घेतली, त्यालाच माल द्यावा लागतो. मग भाव कळून फक्त झोप जाते.” त्यावर मला उत्तर सुचले नाही.

एक रात्र मात्र आम्हां सगळ्यांना मोबाईलच्या मर्यादा शिकवून गेली. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळून गेले. तिरुअनंतपुरमजवळच्या पून्थुरा, विळिंजम या गावांतले, कन्याकुमारीकडचे कितीतरी मच्छीमार आधीच खोल समुद्रात होते. बहुतेक आपल्याच श्रद्धेचे लोक. इशारे निघाले, पण किनाऱ्यापासून काही मैलांवर मोबाईल मुका होतो. निरोप पोहोचायचा तरी कसा? पुष्कळ जण परतलेच नाहीत. काही बोटी भरकटत आपल्या कोकणात आल्या. केरळच्या ६६ आणि तमिळनाडूच्या २ बोटी, ९५२ माणसे, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला सुखरूप लागली. वादळ नंतर आमच्या बाजूला वळले. आमची बोट धक्क्याला होती, तरी भाऊ त्या रात्री झोपला नाही. मोबाईल हातात धरून ओट्यावर बसून होता.

त्यानंतर इस्रोच्या साहाय्याने पुढची पावले पडली. २०१९ मध्ये उपग्रहावरून आलेला इशारा मोबाईलवर दाखवणारी जेमिनी नावाची पेटी आली. तिच्यात ऐकता येई, बोलता येत नसे. मग दोन्ही बाजूंनी निरोप नेणारे ट्रान्सपाँडर आले. एक लाख बोटींवर ते बसवण्याच्या योजनेचा आरंभ पंतप्रधानांनी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला केला. वाढवण बंदराची पायाभरणी त्याच समारंभात झाली, आणि त्या बंदराला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा वर्षानुवर्षे विरोध होता. बोट बुडू लागली तर हाक मारायची सोय आणि मासेमारीच्या पाण्यातच बंदर, अशा दोन्ही गोष्टी एकाच मांडवात मिळाल्या.

पण मी सांगत होतो ते २०२२ च्या ऑगस्टचे. बंदी संपली. बोट रंगवून तयार होती आणि पुतण्याला चार कवींपैकी एकीचीही जागा नीट ठाऊक नव्हती. बापाबरोबर तो एकच हंगाम गेला होता, आणि त्या हंगामात त्याने बापाच्या मोबाईलच्या पडद्याकडे पाहिले होते, डोंगरांकडे नाही. खलाशी दर वर्षी बदलतात. शेवटी आम्ही बाबांच्या सोबत्याकडे गेलो. काकांचे वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. त्यांनी आकाश निवळेपर्यंत थांबायला सांगितले आणि मग स्वतःच बोटीत चढले. त्यांच्या सुनेने मला नको नको ते ऐकवले. मीही गेलो, चाळीस वर्षांनी बोटीवर पाय ठेवला आणि अर्ध्या तासात वांतीने हैराण झालो.

देवळाचा मनोरा दिसेना. मागे भाईंदरच्या उंच इमारतींची अशी भिंत उभी राहिली आहे की पांढऱ्यात पांढरे मिसळून जाते. काका बराच वेळ कपाळावर हात धरून उभे राहिले. मग म्हणाले, “मनोरा राहू दे, तुंगार कुठे जात नाही.” ते हाताने डावे-उजवे दाखवत गेले, पुतण्या सुकाणू वळवत गेला. लोखंडी आकडा तळाशी ओढत तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीत दोरी ताठ झाली. खुंटाला आकडा लागला होता. पुतण्याने आधी खिशातला मोबाईल काढून जागा नोंदवली, आणि मग तो रडला.

दुसरी कव दोन दिवसांनी मिळाली. उरलेल्या दोन दूरच्या. तिथून डोंगर दिसत नाहीत, आणि त्या भावाने स्वतः मारलेल्या असल्याने काकांनाही ठाऊक नव्हत्या. त्या मिळाल्या नाहीत. त्या हंगामात बोट निम्म्या जाळ्यांवर चालली आणि व्यापाऱ्याची आगाऊ रक्कम पुढच्या वर्षावर गेली. काका पुढच्या उपवासकाळात वारले. त्याआधी मी चार-पाच संध्याकाळी त्यांच्याकडे वही घेऊन बसलो. आमच्याच नव्हे, गावातल्या अकरा कवींच्या खुणा त्यांनी सांगितल्या. पुतण्या म्हणतो, वहीला पाणी लागेल. मी म्हणतो, तुझ्या मोबाईललाही लागेल. हल्ली तो वहीची छायाचित्रे काढून ठेवतो आणि परवलीचा आकडा त्याने आईला पाठ करायला लावला आहे.

भावाच्या मोबाईलवर अजून सूचना येतात. घरातले वायफाय त्याला ओळखते. परवा रविवारी आम्ही मिस्साहून परतलो तेव्हा कुलूपबंद पडद्यावर उजेड होता. वारा वाढणार आहे, बोटी बाहेर नेऊ नयेत, असे त्यावर लिहिले होते. वहिनीने ते वाचले, मोबाईल फळीवर ठेवला आणि वलांडीवरचे बोंबील काढायला मागल्या दारी गेली.