लवकर चालणारं पिल्लू

सारस आणि दयाळ हे दोन पक्षी माझ्या मनात नेहमी शेजारी शेजारी बसलेले असतात. खरं तर दोघांचं नातं फार लांबचं; कोट्यवधी वर्षांपूर्वी त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सारस पाणथळीतला, जवळजवळ माणसाएवढा. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच तोच. दयाळ जेमतेम वीतभर, काळा-पांढरा, शेपटी उभारून अंगणात फिरणारा.

सारस बघायला आम्हा इंदूरकरांना फार लांब जावं लागत नाही. गंभीर नदीवरचा यशवंत सागर आहेच. त्याला आणि आपल्या सिरपूर तलावाला २०२२ मध्ये रामसर यादीत जागा मिळाली. दयाळासाठी तर घराबाहेरही पडायला नको. चैत्र लागला की पहाटे तारेवर बसून अशा लकेरी घेतो की गॅसवरचं दूध विसरायला होतं! गाणारे पक्षी मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतात. दयाळ तर इतरांच्या नकलाही करतो. सारसाचा तुतारीसारखा आवाज मात्र उपजतच. नर-मादी जोडीनं साद घालतात.

पण मी अडकले ती पिल्लांपाशी. दयाळाचं पिल्लू जन्मतं उघडं, आंधळं. भिंतीच्या नाहीतर झाडाच्या भोकात चोच वासून पडलेलं. आई-बाप किडे भरवून दमतात, पण दोनेक आठवड्यांत ते घरट्याबाहेर! सारसाचं पिल्लू लव लेवून, डोळे उघडूनच येतं आणि एक-दोन दिवसांत आई-बापांमागे चालू लागतं. वाटेल, याची कसली काळजी? तर उडायला त्याला तीनेक महिने लागतात, आणि त्यानंतरही ते कित्येक महिने आई-बापांबरोबरच असतं.

मैत्रिणींनो, आपल्या घरांत याच्या उलट चालतं. मी चार भावंडांत थोरली. दहाव्या वर्षी पोळ्या लाटायला लागले. पाहुणे म्हणायचे, "थोरलीची काळजीच नाही हो, फार समजूतदार!" त्या कौतुकाचा अर्थ पुष्कळ उशिरा कळला. आता हिला कुणी काही विचारायला नको, एवढाच. अंगात ताप असला तरी मी सांगत नसे. समजूतदार मुलीनं सांगायचं नसतं.

माझी मोठी लेकही तशीच. नऊ महिन्यांची असताना चालली. आता पुण्यात नोकरी करते, सगळं एकटी सांभाळते. धाकट्याच्या हातात अजून रुमाल द्यावा लागतो. सासूबाई म्हणतात, "अगं, तिला रोज काय फोन करतेस? ती काय कुक्कुलं बाळ आहे?"

मी म्हटलं, "आई, लवकर चालली म्हणून तिला लवकर एकटं सोडायचं का?"

रोज रात्री नऊला फोन लावतेच. "जेवलीस का" एवढंच विचारते. बहुतेक वेळा "हो गं" म्हणून ठेवून देते. परवा मात्र म्हणाली, "आई, ठेवू नकोस. अजून थोडं बोल ना."