पीस आणि पाते

गळाला कृत्रिम माशी बांधून मासा धरण्याची विद्या ही मूलतः अनुकृतीची विद्या आहे, असे तिचे उपासक शतकानुशतके मानीत आले आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या ईलियन या रोमन लेखकाने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रीक ग्रंथात मॅसिडोनियातील एका नदीवरची हकीकत दिली आहे. तेथील मासे पाण्यावर घोंघावणारी एक विशिष्ट माशी आवडीने खात. पण ती पकडून गळाला लावावी, तर माणसाचा हात लागताच तिचा रंग उडे आणि पंख चुरगळत. तेव्हा तेथील लोकांनी गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळली, कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे तिला जोडली आणि ते सोंग पाण्यात सोडले. खरी माशी हाती टिकत नाही म्हणून खोटी माशी निर्माण झाली. कलेच्या उगमाविषयी याहून साधी आणि याहून मार्मिक कथा शोधूनही सापडणार नाही.

या खोट्या माशीला पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत धातूचे एक चिमुकले पाते येऊन चिकटले. पाण्यातून ओढताना गरगर फिरणारे, लुकलुकणारे हे पाते कोणत्याही कीटकासारखे दिसत नाही. त्यामुळे एक वाद उत्पन्न झाला, आणि तो अद्याप मिटलेला नाही : पाते लावलेली माशी ही माशी म्हणावी काय? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो केवळ मासे धरणाऱ्यांचा नाही. शुद्धतेचा नियम कोण ठरवतो, आणि तो कोणत्या पाण्याच्या काठी उभा राहून ठरवतो, हा तो प्रश्न होय.

नियम ठरला तो दक्षिण इंग्लंडमधील टेस्ट आणि इचेन यांसारख्या नद्यांच्या काठी. या नद्या खडूच्या थरांतून झिरपून वर येतात. त्यांचे पाणी इतके नितळ असते की तळाचे शेवाळ आणि त्यावर स्थिर उभा असलेला ट्राउट मासा काठावरून दिसावा. फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ मध्ये तरंगत्या माश्या बांधण्याविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तंतोतंत अनुकरणाचा पंथ उभा राहिला. पाण्यावर या घटकेला जो कीटक उतरतो आहे त्याचाच आकार, त्याचाच रंग. ती माशी तरंगती हवी आणि दिसलेल्या माशाच्या पुढ्यातच ती हलकेच उतरली पाहिजे, असा हा आचार. पुढे जी. ई. एम. स्क्यूज याने १९१० च्या आपल्या पुस्तकात पाण्याखालील अपक्व कीटकाचे अनुकरणही तितकेच न्याय्य ठरवू पाहिले. त्यावरून एवढे काहूर माजले की १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्या प्रश्नावर रीतसर वादसभा भरवावी लागली. ज्या पंथात कीटकाची एक अवस्था सोडून दुसरीचे सोंग घेणे हेही पाखंड ठरत होते, त्या पंथाने पितळेच्या पात्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल हे सांगावयास नको.

पात्याची कुळकथा मात्र दुसऱ्याच पाण्याची आहे. व्हरमॉन्ट राज्यात ज्यूलिओ ब्यूएल नावाच्या तरुणाच्या हातून जेवणाचा चमचा सरोवरात पडला, आणि लकाकत, हेलकावत खाली जाणाऱ्या त्या चमच्यावर एका मोठ्या माशाने झडप घातली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचे खरेखोटे काहीही असो. ब्यूएलने १८५२ मध्ये अशा आमिषाचे पेटंट घेतले ही नोंदलेली गोष्ट आहे. १८९९ मध्ये इंडियाना राज्यातील लोगन्सपोर्ट येथे जॉन हिल्डेब्रँट याने फिरत्या पात्यांचा धंदा सुरू केला. लोगन्सपोर्ट हे वाबाश आणि ईल या दोन नद्यांच्या संगमावरचे गाव. मक्याच्या सपाट मुलखातून वाहत येणाऱ्या या नद्या पावसापाण्यात तांबूस-करड्या होतात. तेथे बास आणि सनफिश कुळातील मासे दडून राहतात. आणि काठावर उभ्या असलेल्या माणसाला पाण्याचा पृष्ठभाग तेवढा दिसतो, त्याखालचे काही नाही. अशा ठिकाणी हॅलफर्डचा आचार पाळावयाचा म्हटले तरी कसा पाळणार? जेथे मासाच दिसत नाही, तेथे माशाला माशीची मिशी दिसेल, अशी अपेक्षा कोणी धरावी?

हिवाळ्यात नद्या गोठल्या की अशा मुलखातील माणूस स्वयंपाकघरातल्या मेजाला छोटा शिकंजा लावून माश्या बांधीत बसतो. शिकंज्यात गळ धरलेला. गळाच्या दांड्यावर दोऱ्याचे वेढे. शेपटीला मॅराबूचे पीस, जे पाण्यात श्वास घेतल्यासारखे हलते. अंगाला शेनीलची मऊ दोरी आणि त्यावरून कोंबड्याच्या मानेचे पीस सर्पाकृती फिरवलेले. पेन्सिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंगने १९६७ मध्ये बांधलेली वूली बगर ही माशी स्थूलमानाने अशीच असते. पाते लावणारा येथे थांबत नाही. तो गळाच्या नेढ्यापुढे तारेचा लहानसा दांडा जोडतो. त्यावर एक मणी, मग नालेच्या आकाराची बारीकशी कडी आणि त्या कडीत अडकवलेले पाते. कोणी पाते पुढे न लावता गळाच्या वाकापाशी भोवरकडीला टांगतो, म्हणजे ते शेपटीमागे फिरते. पात्याच्याही जाती आहेत. जवळजवळ गोल असलेले कोलोरॅडो पाते दांड्यापासून दूर फाकून फिरते, मंद ओढीलाही जागे होते आणि पाण्याला जड ठोके देते. विलोच्या पानासारखे निमुळते पाते दांड्याला बिलगून वेगाने फिरते. त्याचा ठोका हलका, पण लकाकी अधिक. या दोहोंच्या मधले, अश्रूच्या आकाराचे पाते इंडियाना याच नावाने ओळखले जाते. कोणते पाणी, किती गढूळ, किती वेगाचे, हे ध्यानी घेऊन त्यांतून निवड करावयाची. म्हणजे येथेही निरीक्षण आहेच. मात्र ते कीटकाचे नसून पाण्याचे आहे.

आणि माशाचेही. माशाच्या दोन्ही कुशींवरून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत पार्श्वरेखा नावाचे एक ज्ञानेंद्रिय गेलेले असते. सभोवतालच्या पाण्याची सूक्ष्म हालचाल, जवळून जाणाऱ्या जिवाने उठवलेली मंद स्पंदने या रेखेतील संवेदी पेशींना कळतात. तिचा पल्ला फार नसतो, माशाच्या अंगाच्या एक-दोन लांबींइतकाच. परंतु तेवढ्या अंतरात अंधार किंवा गढूळपणा तिला आडवा येत नाही. पीस डोळ्याशी बोलते, पाते या रेखेशी बोलते. ‘मी अमुक कीटक आहे’ असे ते सांगत नाही. ‘येथे काहीतरी जिवंत आहे’ एवढेच सांगते. मासा वळतो, जवळ येतो, आणि मग शेवटच्या वितीभर अंतरात पिसाचे काम सुरू होते. पात्याने बोलावावे आणि पिसाने पटवावे, अशी ही वाटणी आहे.

या लाभाचे मोल टाकणाऱ्याच्या हाताला द्यावे लागते. साध्या आमिषाच्या गळात आमिषाचे वजन दोरीला ओढून नेते; माशीच्या गळात उलट दोरीचेच वजन बिनवजनी माशीला वाहून नेते. दोरी मागे हवेत उलगडते, क्षणभर थांबते आणि पुढे झेपावते. तिचा तो अरुंद वेटोळा हे या विद्येचे सौंदर्य समजले जाते. पाते लावताच हा सारा ताल बिघडतो. माशी जड होते, हवेत अडते, मागच्या झोक्यात पाते भिरभिरून पुढच्या बारीक तंगुसाला पीळ घालते. आणि घाई केली तर ती जडशीळ माशी टाकणाऱ्याच्याच मस्तकावर आदळते. म्हणून दांडी अधिक ताकदीची घ्यावी लागते, तंगूस आखूड व जाड ठेवावा लागतो, वेटोळा मुद्दाम रुंद सोडावा लागतो आणि मागच्या झोक्याला नेहमीपेक्षा दीर्घ विसावा द्यावा लागतो. ज्याने वर्षानुवर्षे झोक्याची नजाकत कमावली, त्याला ही नजाकत सोडून देण्याचे शिक्षण नव्याने घ्यावे लागते. पाते लावणाऱ्याला आळशी म्हणणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट सहसा येत नाही.

तथापि शुद्धतावाद्यांची बाजू निव्वळ अहंकाराची आहे असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. अमेरिकेच्या मेन राज्यात काही पाणवठे केवळ माशीने मासे धरणाऱ्यांसाठी राखलेले आहेत, आणि तेथील कायद्याने माशीची व्याख्याच करून ठेवली आहे : एका टोकाचा गळ, त्यावर पिसे, केस, दोरा वा तत्सम साहित्य, त्याला जादा गळ, फिरते पाते किंवा चमचा जोडलेला नसावा. अशा नियमामागे पाण्याची काळजी असते. थोड्या माशांच्या थंड, नाजूक ओढ्यात प्रभावी साधनाला बंदी असावी आणि माणसाने आपल्या लोभाला आपणच अडचण निर्माण करावी, यात शहाणपण आहे. गोंधळ होतो तो या स्थानिक मर्यादेला जेव्हा सार्वत्रिक मूल्याचे रूप दिले जाते तेव्हा. ‘या ओढ्यात पाते नको’ हे विधान वेगळे आणि ‘पाते लावणारा खरा उपासकच नव्हे’ हे विधान वेगळे. पहिल्यात पाण्याचा विचार आहे. दुसऱ्यात पाण्याचा विसर आहे. मेरी ऑर्व्हिस मार्बरी या बाईंनी १८९२ मध्ये माश्यांविषयीचा आपला ग्रंथ सिद्ध केला, तो देशभरातील मासे धरणाऱ्यांची पत्रे मागवून. आपल्या पाण्यात कोणती माशी चालते हे ज्याने त्याने कळवले आणि त्यांतून एक शास्त्र नव्हे, तर अनेक पाण्यांची अनेक शास्त्रे उभी राहिली.

भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला हा वाद परका वाटू नये. श्रीशंकुकाने रसविचारात अनुकृतीचा पक्ष मांडला. चित्रातला घोडा पाहताना होणारी प्रतीती खरी नाही, खोटी नाही, संशयाची नाही आणि केवळ सादृश्याचीही नाही, असे सांगून त्याने चित्रतुरगाचा दृष्टान्त दिला. अभिनवगुप्ताने आपल्या गुरूंच्या आधारे त्याचे खंडन केले : अनुकरणाने हा अनुभव उलगडत नाही. साम्य ओळखण्याआधीच श्रोत्याच्या आत काहीतरी हलते. अर्थ कळण्यापूर्वी ओवीची लय अंगात भिनते. पात्याचे काम या लयीच्या जातीचे आहे. मासे धरण्याचा शास्त्रविचारही या देशाला नवा नाही. कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मराठीच्या जुन्या नमुन्यांपैकी काही पद्यपंक्ती आढळतात, म्हणून मराठीचे अभ्यासक तो चाळतात. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ या नावाचे प्रकरण आहे, आणि त्यात माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचा चारा, दोर व गळ यांचा विचार केलेला आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्याचा परामर्श घेतला. कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेतून वर्णिलेला दख्खनचा महसीर, शास्त्रीय नावातील ‘खुद्री’, हाही फळे, खेकडे, लहान मासे असे नानाविध खाणाऱ्या कुळातला. अशा कुळाला केवळ कीटकाच्या सोंगाने भुलवणे कठीण. म्हणून इंग्रज अमदानीत महसीरसाठी धातूचा चमचा रूढ झाला. इंग्लंडच्या नितळ पाण्यातून आलेल्या माणसांना येथील नद्यांनी आपला आचार बदलावयास लावला.

एका ठिकाणी मात्र काव्याचा दृष्टान्त तोकडा पडतो. नाटक पाहून प्रेक्षक घरी जातो. मासा जातोच असे नाही. अनुकृती असो वा लकाकी, दोहोंच्या आत लपलेला गळ एकच आहे, आणि त्या गळाच्या दृष्टीने कोणतीही माशी शुद्ध नाही. हे जाणणारा बांधणारा गळाच्या टोकाजवळची आकडी पक्कडीने दाबून टाकतो, म्हणजे मासा सोडावयाचा झाल्यास कमी जखमेने सुटावा. तेवढी एक गोष्ट त्याच्या हातात असते. कोणती माशी श्रेष्ठ, याचे उत्तर देण्यापेक्षा ती अधिक मोलाची आहे.

मग तो प्रवाहाच्या आडवा, किंचित खालच्या बाजूला गळ टाकतो आणि दोरी ताणाला येऊ देतो. पाण्याच्या ओढीने पाते फिरू लागते, आणि त्याचा बारीक, अखंड ठोका दोरीतून बोटांपर्यंत येतो. करड्या पाण्याखाली काय चालले आहे हे त्याला दिसत नाही. माशालाही वर कोण उभे आहे हे दिसत नाही. दोघांना मिळून ठाऊक असतो तो एवढा ठोकाच. तो ज्या क्षणी थांबतो, त्या क्षणी पात्यात शेवाळ तरी अडकलेले असते किंवा मासा तरी लागलेला असतो. आणि यांतले काय झाले, हे दांडी उचलल्यावाचून कळत नाही.