मजुरी मागणारा गेराल्ट

ताई नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि तिचा प्लेस्टेशन सांगलीच्या घरी माझ्या ताब्यात आला. सोबत ‘द विचर ३: वाइल्ड हंट’ होता. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने १९ मे २०१५ रोजी आणलेला हा गेम आंद्जेय सापकोव्स्की यांच्या कथा-कादंबऱ्यांच्या जगावर उभा आहे. डोंगर, पाऊस, वाऱ्याने डोलणारी झाडं, यांचं कौतुक मी आधीच खूप ऐकलं होतं. पण मला धरून ठेवलं ते नायकाच्या एका सवयीने. हा माणूस तलवार उपसण्याआधी पैशाचं बोलतो.

गेराल्ट विचर आहे. विचर म्हणजे लहानपणीच जालीम काढे पाजून ज्याचं शरीर बदलून टाकलंय, असा राक्षस मारणारा भाडोत्री माणूस. पाठीवर दोन तलवारी, माणसांसाठी पोलादी आणि भुताखेतांसाठी चांदीची. गावाला तो हवा असतो, पण काम होईपर्यंतच. एरवी लोक त्याच्याकडे बघून थुंकतात. गावच्या फळ्यावर कागद लागलेला असतो, कागद लावणाऱ्याला गाठायचं, रक्कम ठरवायची. गेममध्ये या घासाघिशीसाठी चक्क एक पट्टी आहे. आकडा वाढवत न्या, समोरच्याचा राग चढत जातो, फारच ताणलं तर तो उखडतो.

व्हाइट ऑर्चर्ड या पहिल्याच भागात एक शेतकरी भेटतो. त्याची मुलगी आजारी आहे आणि तिच्यासाठी चांगलं पाणी ज्या विहिरीत आहे तिथे भर दुपारी एक बाई दिसते, जिवंत नसलेली. आमच्याकडेही म्हातारी माणसं बाराच्या ठोक्याला विहिरीवर जाऊ देत नाहीत, त्यामुळे ती जागा मला परकी वाटलीच नाही. आणि त्या बापाशीही गेराल्ट मजुरीचं बोलतो! माझी मावसबहीण शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, ‘‘काय माणूस आहे हा, पोरगी आजारी आहे तरी?’’

मला मात्र माझे वडील, आप्पा आठवले. आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. ऐन उन्हाळ्यात ऊस वाळत असताना शेतकरी जळालेली पाण्याची मोटार टेम्पोत घालून आणायचा, डोळ्यांत पाणी आणायचा, आणि आप्पा आधी मोटार खोलून बघायचे, तांब्याची तार किती लागेल ते सांगायचे, आकडा सांगायचे. ‘‘काम चोख, पैसा रोख,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रात्री लाइट असायची म्हणून रात्रभर बसून मोटार उभी करायचे. त्या माणसाचा ऊस वाचायचा आणि आमची फी भरली जायची. कोणी त्यांना लोभी म्हटलं की मला आतून राग यायचा. ज्याला आपल्या कष्टाची किंमत मागता येते तो निदान उपकाराचं ओझं तरी ठेवत नाही. गेराल्टवर माझा विश्वास बसला तो यामुळेच. राजे, धर्मगुरू, बंडखोर, सगळे त्याला आपल्या बाजूने ओढतात, आणि तो सांगतो की या भानगडीत मला पडायचं नाही.

मग सिरीचा माग लागतो आणि हाच माणूस सगळे हिशेब बाजूला ठेवतो. सिरी त्याच्या रक्ताची नाही. पुस्तकांत ती त्याच्या वाट्याला येते ती एका जुन्या वचनातून, आणि तो तिला वाढवतो, तलवार शिकवतो. आता ती मोठी झालीय, वाइल्ड हंटचे स्वार तिच्या मागे आहेत. तिचा जन्मदाता बाप एम्हिर, नील्फगार्डचा सम्राट, गेराल्टला बोलावून घेतो आणि तिला शोधायचं काम देतो. मोबदला भरपूर. राजवाड्यातल्या त्या प्रसंगात मला पहिल्यांदा अस्वस्थ वाटलं, कारण हे काम तो फुकटातही करणार होता आणि सम्राटालाही ते ठाऊक होतं.

पुढे व्हेलेनच्या दलदलीत ‘ब्लडी बॅरन’ भेटतो. सिरीबद्दल त्याला माहीत आहे, पण आधी माझी बायको आणि मुलगी शोधून दे, म्हणतो. माझ्या मते अख्ख्या गेमचा गाभा इथे आहे. हळूहळू कळतं की त्या दोघींना कोणी पळवलेलं नाही. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यापासून त्या पळाल्यात. बायकोचा गर्भ गेला, त्या बाळाला नाव न देता पुरलं आणि त्याचं पिशाच झालं. एका वादळी रात्री बॅरन ते वळवळणारं पिशाच हातात घेऊन चालतो, उंबऱ्याशी त्याला पुरतो, नाव देतो, क्षमा मागतो. तो प्रसंग खेळताना मी बटणं दाबत होतो हे विसरलो होतो. बॅरनचंही आपल्या माणसांवर प्रेम आहे, तो खोटं बोलत नाही. पण त्याच्या ‘माझी’ या शब्दात मालकी आहे. त्या प्रेमाने घर उद्ध्वस्त केलं. त्यानंतर मी गेराल्टकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो: हा सिरीला ‘माझी’ म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो?

उत्तर गेम तलवारीने मागत नाही. केर मोरहेनच्या किल्ल्यातल्या लढाईत गेराल्टचा म्हातारा गुरू व्हेसेमिर मरतो, सिरी खचून बसते. तेव्हा तिला दारू प्यायला बसवायचं की बाहेर नेऊन तिच्याशी बर्फाचे गोळे मारत खेळायचं, हे आपण ठरवायचं. चेटकिणींच्या मंडळासमोर ती एकटी जाणार की गेराल्ट मध्ये बसून तिच्या वतीने बोलणार? तिला संताप अनावर झाला तर तिला तिच्या शिक्षकाची, अव्हालाकची प्रयोगशाळा फोडू द्यायची की आवरायचं? तिला वाचवणाऱ्या स्कियालच्या थडग्यापाशी तिच्यासोबत थांबायचं का? आणि तिला एम्हिरकडे नेलं, तर त्याने पुढे केलेली रक्कम घ्यायची का? शेवटी ती एकटीच जग गोठवून टाकणाऱ्या व्हाइट फ्रॉस्टला सामोरी जाते. तिथून ती परत येणार की नाही, ते या लहानसहान क्षणांनी ठरतं. इतक्या मोठ्या गेममध्ये शेकडो राक्षस मारल्याचा तिथे काही उपयोग नाही. ज्या लोकांनी हे लिहिलं त्यांनी कुठल्या तरी घरात मोठ्या होणाऱ्या मुलीला जवळून पाहिलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

मी एम्हिरची रक्कम नाकारली. विहिरीवरच्या भुताचे पैसे घेताना माझा हात अडखळला नव्हता. तो धंदा होता. इथे पैसे घेतले असते तर सिरी त्या फळ्यावरचा आणखी एक कागद झाली असती.

माझ्या खेळात सिरी परत आली. गेराल्टने एम्हिरला ती मेली म्हणून सांगितलं आणि व्हाइट ऑर्चर्डच्या खानावळीत तिच्या हाती नवी चांदीची तलवार ठेवली. ती विचर झाली. ताईच्या खेळात ती सम्राज्ञी होणार होती. दोघं शेवटची शिकार करतात, ती त्याला निर्णय सांगते आणि बापासोबत निघून जाते. यावरून आमचं फोनवर जोरदार वाजलं.

‘‘तुझ्या गेराल्टने खोटं बोलून तिला स्वतःच्याच धंद्यात ओढलं,’’ ताई म्हणाली. ‘‘माझ्याने तिला जाऊ दिलं. तेही अशा ठिकाणी, जे त्याला स्वतःला आवडत नव्हतं.’’

मी म्हणालो की तिला कायम वाटेवर राहणंच आवडायचं, राजवाड्यात ती गुदमरली असती.

‘‘हे तू ठरवणार?’’

आप्पा तिथेच जेवत होते. त्यांना गेममधलं काही माहीत नाही, पण फोन स्पीकरवर होता. ताईने बंगळुरूची नोकरी घ्यायची ठरवली तेव्हा दुकान पुढे कोण बघणार म्हणून घरात बरीच चर्चा झाली होती, आणि ताईला वाइंडिंग माझ्यापेक्षा चांगलं जमायचं. त्यांनी ताटातून मान वर केली आणि विचारलं, ‘‘ती पोरगी काय म्हणत होती?’’